सही सगळ्यात शेवटी : नागरिकांनी कायदा मागायचा कसा

भाचा लातूरचा. २०१९ मध्ये शिकायला जर्मनीत होता. एका शनिवारी त्याचा फोन आला. "मावशी, इथं चौकात टेबल टाकून सह्या घ्यायलेत. कोंबड्यांना पिंजऱ्यात ठेवू नका, असा कायदा पाहिजे म्हणे. मी करू का सही?" म्हटलं, कर की, चांगल्या कामाला विचारायलास कामून? दहा मिनिटांनी परत फोन. फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना होता. टेबलामागच्या बाईंनी पासपोर्ट कुठला ते विचारलं आणि पेन परत घेऊन हातात नुसतं पत्रक ठेवलं.

त्याला वाईट वाटलं. मला त्या बाईंचं कौतुक वाटलं. कुठली सही मोजली जाणार आणि कुठली फुकट जाणार, हे त्यांना सही घेण्याआधी माहीत होतं. आमच्या गावात आम्ही सह्या गोळा केल्या तेव्हा हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. त्याचं जे झालं ते पुढे सांगतेच.

ज्यांनी आजवर कुठल्या निवेदनावर सही केली असेल, पण स्वतः कधी सह्यांची मोहीम चालवली नसेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. युरोपात अनेक देशांतले सामान्य लोक एकत्र येऊन कायदा मागू शकतात, त्याची रीतसर पद्धत आहे. ती पायरीपायरीने सांगते आणि जिथे जमेल तिथे ती बीड-नांदेडच्या मातीत लावून बघू.

आधी ही पद्धत काय आहे ते

युरोपीय संघात २७ देश आहेत, लोकसंख्या सुमारे ४५ कोटी. तिथे संघाच्या पातळीवरचा कायदा मांडायचा अधिकार जवळपास एकट्या युरोपीय आयोगाकडे (संघाचं सरकारच म्हणा) आहे. लोकांनी निवडून दिलेल्या युरोपीय संसदेलासुद्धा स्वतः विधेयक आणता येत नाही. तिलाही आयोगाला 'आणा' म्हणावं लागतं. १ डिसेंबर २००९ ला लिस्बन करार लागू झाला आणि हाच 'आणा' म्हणायचा हक्क नागरिकांनाही मिळाला. अट एवढीच की सांगणारे किमान १० लाख हवेत आणि ते बऱ्याच देशांतले हवेत. प्रत्यक्ष काम १ एप्रिल २०१२ पासून सुरू झालं. नियम फार किचकट आहेत अशी ओरड झाली, तेव्हा ते बदलले आणि सुधारलेले नियम १ जानेवारी २०२० पासून आले. तिकडे त्याला युरोपियन सिटिझन्स इनिशिएटिव्ह म्हणतात. मी इथे नागरिक पुढाकार म्हणते.

याला सार्वमत समजू नका. नवख्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो. सह्यांची ताकद तीन प्रकारची असते. स्वित्झर्लंडमध्ये १८ महिन्यांत १ लाख सह्या झाल्या तर राज्यघटनेतला बदल थेट लोकांच्या मतदानाला जातो. तिथे सही मतदान घडवते. फिनलंडमध्ये ६ महिन्यांत ५० हजार सह्या झाल्या की विषय संसदेपुढे जातो. समलिंगी विवाहाचा कायदा तिथे असाच नागरिकांच्या प्रस्तावातून २०१४ मध्ये मंजूर झाला आणि २०१७ मध्ये लागू झाला. तिथे सही चर्चा घडवते. युरोपीय संघात १० लाख सह्यांनी मिळतं ते लेखी, कारणांसह उत्तर. ते 'नाही' असंही असू शकतं.

दहा लाख लोकांनी राबायचं आणि हाती नुसतं उत्तर यायचं? मलाही आधी ते हास्यास्पद वाटलं. पण आपल्या निवेदनांचं काय होतं ते आठवा. तहसीलच्या आवक शाखेचा शिक्का बसतो, आपण त्याचा फोटो काढतो आणि गोष्ट तिथेच संपते. ठरलेल्या मुदतीत कुणीतरी कारणं लिहून द्यायला बांधील असणं ही काही लहान गोष्ट नाही.

आडवी बाटली

आपल्याकडे सहीतून थेट मतदान घडवणारी एक पद्धत आहे आणि मराठवाड्यातल्या कितीतरी बायकांनी ती राबवली आहे : गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठीचं मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. २००८ च्या नियमांप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की पडताळणी होते, मग गुप्त मतदान. दुकान बंद व्हायचं तर नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. महिला मतदार सातशेच्या आसपास, म्हणजे पावणेदोनशे सह्या पुरेशा. आम्ही आठ दिवसांत सव्वादोनशे केल्या आणि पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.

पडताळणीला मारुतीच्या पारावर टेबल मांडलं. अधिकारी मतदार यादीतलं नाव वाचायचे, बाई पुढे यायची. पहिल्या तासातच घाम फुटला. सही 'सुमनबाई'ची, यादीत 'सुमित्रा'. दोघी नव्या सुना, त्यांची नावं अजून माहेरच्या गावी. एका आजींनी अर्जावर अंगठा दिला होता, पण त्याखाली कुणाचा अंगठा ते आम्ही लिहिलंच नव्हतं. चौघींनी ओळखपत्र घरी ठेवलेलं. त्या आणायला गेल्या त्यातल्या दोघी परत आल्या नाहीत. दोघींचे नवरे पाराच्या कडेला उभे होते, एवढंच सांगते. तरी कसाबसा आकडा निघाला.

मतदान लागलं डिसेंबरात. आणि डिसेंबरात आमचं अर्धं गाव कोयत्यावर असतं. तांड्यावरच्या आणि खालच्या आळीच्या बायका कर्नाटकात उसाच्या फडात. यादीत नाव आहे, म्हणून निम्म्याच्या हिशेबात त्या धरल्या गेल्या. आणि मत द्यायला एकही आली नाही. आलेल्यांपैकी बहुतेक सगळ्यांनी आडव्या बाटलीलाच मत दिलं आणि आम्ही हरलो. यात अधिकाऱ्यांची चूक नव्हती, नियमाचीही नव्हती. भाजक कोणता आणि महिना कोणता, हे आम्ही बघितलंच नव्हतं.

पुढे युरोपच्या नियमांचा कागद वाचला तेव्हा हसू आलं. आमच्या प्रत्येक चुकीसाठी त्यात एकेक कलम होतं.

पहिली पायरी : मागायचं कुणाकडे

घोषणा, चिन्ह, फेसबुक पान, सगळं नंतर. आधी हे ठरवा की तुम्हाला हवं ते करायचा अधिकार कुणाकडे आहे.

नागरिक पुढाकार आधी आयोगाकडे नोंदवावा लागतो. नोंदणीआधी घेतलेली एकही सही चालत नाही. नोंदणीच्या वेळी आयोग बघतो : विषय आपल्या अधिकाराबाहेरचा तर नाही ना, टवाळी किंवा कुणाला छळण्यासाठी तर नाही ना, संघाच्या मूल्यांच्या विरुद्ध तर नाही ना. यासाठी साधारण दोन महिने. अधिकाराच्या मुद्द्यावर कितीतरी मागण्या दारातूनच परत गेल्या. सगळ्यात गाजली ती अमेरिकेबरोबरच्या व्यापारी कराराविरुद्धची, 'स्टॉप टीटीआयपी'. २०१४ च्या सप्टेंबरात आयोगाने नोंदणी नाकारली. लोकांनी चिडून नोंदणीशिवायच ३० लाखांहून जास्त सह्या केल्या आणि दुसरीकडे न्यायालयात गेले. मे २०१७ मध्ये न्यायालय म्हणालं, आयोगाचा नकार चूक होता. निकाल चांगला, पण तीन वर्षं गेली.

आपल्याकडे हेच काम राज्यघटनेची सातवी अनुसूची करते. ती एकदा तरी वाचा, कुठला विषय केंद्राचा आणि कुठला राज्याचा याच्या याद्या तीत आहेत. दारू राज्याच्या यादीत. पाणी राज्याच्या यादीत, पण दोन राज्यांतून वाहणारी नदी केंद्राच्या यादीत. कामगार दोघांच्या यादीत. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचं उदाहरण घ्या. बंधारा नांदेड जिल्ह्यात, गोदावरीवर, पैसा महाराष्ट्राचा. तरीही १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, हे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, कारण खाली तेलंगण आहे. 'दरवाजे बंद करा' असं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देणं म्हणजे पोस्टमनला पत्रातला मजकूर बदलायला सांगणं. माझ्या डोळ्यांदेखत अशी निवेदनं गेली आहेत.

आमच्या भागाचा खरा सीमापार प्रश्न ऊसतोडीचा. मजूर बीडचा, मुकादम धारूरचा किंवा केजचा, कारखाना कर्नाटकातला. उचल (आगाऊ रक्कम) इथे घेतली, खाडे (गैरहजेरीचे दिवस) तिथे कापले, हिशेब कुठल्याच राज्यात नाही. एका राज्याच्या कायद्याचा हात सीमेवर थांबतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा केंद्राचा होता. २०२० मध्ये तो नव्या श्रमसंहितेत मुरवला गेला. म्हणजे मागणीचे पत्ते दोन : संहिता बदलायची तर दिल्ली, आणि महाराष्ट्राने आपल्या मजुरांची गाव सोडतानाच नोंद ठेवावी असं हवं असेल तर मुंबई. एकाच कागदावर दोन्ही मागितलंत तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील.

दुसरी पायरी : सात माणसं, सात ठिकाणची

युरोपात अर्जदार गट किमान ७ जणांचा लागतो आणि ते ७ जण ७ वेगवेगळ्या देशांत राहणारे लागतात. एकाच शहरातले सात मित्र चालत नाहीत. सुरुवातीला हा जाच वाटतो. पण यामुळे पहिल्या बैठकीतच कळतं की प्रश्न खरोखर सगळीकडचा आहे का एका गावचा.

आपल्यावर असं बंधन नाही, म्हणून स्वतःवर घालून घ्या. ऊसतोडीचा विषय असेल तर आष्टी, धारूर, परळी, पाथरी, जिंतूर, भूम इथला एकेक माणूस आणि जमलं तर विजयपुरा किंवा बेळगावकडचा एक जण, जो कारखान्याच्या बाजूने काय चालतं ते बघतो. सातांत बायका हव्यात, नुसत्या फोटोपुरत्या नव्हेत. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अर्धा कोयता बैठकीबाहेर ठेवून मागणी लिहिलीत तर ती अर्धीच राहते.

पैशाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. तिकडे ५०० युरोंच्या वर कुणी मदत केली की देणाऱ्याचं नाव जाहीर करावं लागतं. आपल्याकडे चहा आणि झेरॉक्सचा खर्च कुणी केला ते लिहून ठेवलं तर पुढे 'यांना कुणी पैसे पुरवले' या कुजबुजीला उत्तर तयार असतं.

तिसरी पायरी : शंभर अक्षरांत शीर्षक

नियम सांगतो : शीर्षक १०० अक्षरचिन्हांत, उद्दिष्टं १,१०० चिन्हांत, तीही मोकळ्या जागा सोडून. आणखी सांगायचं असेल तर वेगळं परिशिष्ट. मला या नियमाचं प्रेम आहे. आपली निवेदनं 'वरील विषयास अनुसरून' इथून सुरू होतात, शिवरायांपासून संविधानापर्यंत सगळ्यांना वंदन करतात आणि मागणी चौथ्या पानावर, तीही 'योग्य ती कार्यवाही व्हावी' अशी. योग्य ती म्हणजे कोणती? वाचणाऱ्याने तरी काय करावं?

ऊसतोडीचंच करून बघू. पहिला खर्डा नेहमी असा येतो : 'ऊसतोड मजुरांना न्याय मिळालाच पाहिजे.' याला कुणाचीच हरकत नसते. म्हणूनच त्यावर कुणी काही करत नाही. दुसरा खर्डा : 'ऊसतोड मजुरांची पिळवणूक थांबवा.' थांबवायची कशी? तिसऱ्या-चौथ्या बैठकीत, कुणीतरी चिडून "अहो, तिकडं गेल्यावर आम्ही कुणाच्या कागदावरच नसतो" म्हणाल्यावर, जे येतं ते असं : 'परराज्यात ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांची कारखान्यावर नोंद आणि लेखी हिशेब सक्तीचा करा.' मोजा, ऐंशीच्या आसपास चिन्हं आहेत. यात कोण, कुठे आणि काय हे तिन्ही आलं. हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येईल अशी मागणी झाली.

उद्दिष्टांत तीन मुद्दे पुरेत : उचलीची पावती मजुराच्या हातात, खाड्याची कपात कशी धरायची त्याचा लेखी दर, आणि नोंद नवऱ्याच्या नावे जोडीची नव्हे तर बाईची स्वतंत्र. पोरांची शाळा, कोपीवरचं (फडाजवळच्या झोपडीवरचं) पाणी, दवाखाना हे सगळं खरंच आहे, पण ते परिशिष्टात टाका. एका कागदात बारा मागण्या घातल्या की समोरचा त्यातली सगळ्यात स्वस्त मान्य करतो आणि फोटो काढतो.

चौथी पायरी : आकड्यांचा हिशेब

नुसत्या १० लाख सह्या पुरत नाहीत. किमान ७ देशांत, म्हणजे एकूण देशांच्या एक चतुर्थांशांत, त्या त्या देशाचा किमान आकडा गाठावा लागतो. तो आकडा कसा काढतात? त्या देशाचे युरोपीय संसदेत जितके सदस्य, त्याला संसदेच्या एकूण सदस्यसंख्येने, म्हणजे ७२० ने गुणायचं. जर्मनीचे ९६, म्हणून ६९,१२०. माल्टाचे ६, म्हणून ४,३२०. उरलेल्या देशांत किमान आकडा गाठला नाही तरी तिथल्या सह्या एकूण बेरजेत धरतात.

गंमत बघा. जर्मनीची लोकसंख्या माल्टाच्या दीडशेपट आहे, पण सह्या सोळापटच लागतात. म्हणजे लहान देशात माणसामागे जास्त राबावं लागतं. त्याच वेळी मोठ्या देशाच्या जिवावर सगळं निभावून नेता येत नाही. पाण्याच्या हक्कासाठीचा 'राइट टू वॉटर' हा या पद्धतीतला पहिला यशस्वी पुढाकार. त्याला १६ लाखांवर सह्या मिळाल्या, त्यातल्या बहुतांश एकट्या जर्मनीतून. पण तेवढ्यावर काम झालं नसतं. एकूण १३ देशांत किमान आकडा पार झाला, म्हणून ती मागणी उभी राहिली.

हेच सूत्र मराठवाड्याला लावून बघा, चांगला व्यायाम होतो. आठ जिल्हे, विधानसभेच्या ४६ जागा. नांदेडच्या ९ म्हणून ९ गुणिले ४६, म्हणजे ४१४. बीडच्या ६, म्हणजे २७६. हिंगोलीच्या ३, म्हणजे १३८. आठाचा चौथा भाग दोन, पण मी निदान चार जिल्ह्यांचा धरेन. 'मराठवाड्याची मागणी' म्हणून जे कागद फिरतात त्यांतले निम्मे एका तालुक्याच्या बाहेर गेलेले नसतात, हे अशा मोजणीत लगेच उघडं पडतं.

पाचवी पायरी : दिवस निवडा

नोंदणी झाल्यावर ६ महिन्यांच्या आत कुठल्या दिवशी सुरुवात करायची ते आयोजक ठरवतात आणि तिथून १२ महिने मिळतात. जुन्या नियमांत नोंदणी झाली की घड्याळ सुरू व्हायचं. लोक अजून संकेतस्थळ उभारतायत आणि दोन महिने गेले, असं व्हायचं. म्हणून २०२० च्या बदलात ही मोकळीक दिली.

आमच्या डिसेंबरच्या मतदानाचं सांगितलंच. आपल्याकडे दिवस निवडणं म्हणजे शेतीचं आणि ऊसतोडीचं वेळापत्रक समोर ठेवणं. टोळ्या दसरा-दिवाळीच्या दरम्यान निघतात आणि गुढीपाडव्याच्या पुढेमागे परततात. जून-जुलैत पेरणी, कुणाला उसंत नसते. मे हा एकच महिना असा की माणूस गावात असतो आणि हात मोकळे असतात. मात्र लग्नसराई असते, तेव्हा सही घेणाऱ्याने दुपारी मांडवातच जावं. लाजू नका, जेवायलाही मिळतं.

सहावी पायरी : आता सह्या

इथवर आलात तर हे काम सोपं आहे. तिकडे कोण सही करू शकतं : युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाचा नागरिक, मतदानाच्या वयाचा, काही देशांनी वय १६ वर आणलं आहे. राहतो कुठे याला महत्त्व नाही. संभाजीनगरला उतरून वेरूळ बघत असलेला जर्मन पर्यटक मोबाइलवरून सही करू शकतो आणि जर्मनीत राहणारा, तिथलं पाणी पिणारा माझा भाचा करू शकत नाही. याला तुम्ही न्याय म्हणा की अन्याय, पण नियम स्वच्छ आहे आणि सही घेण्याआधी सांगितला जातो.

फॉर्मवर नाव, नागरिकत्व, आणि देशाप्रमाणे कुठे पत्ता-जन्मतारीख, कुठे ओळखपत्राचा क्रमांक. ऑनलाइन सह्यांसाठी आयोगाची स्वतःची यंत्रणा आहे. काम झाल्यावर हे फॉर्म ठरलेल्या मुदतीत नष्ट करावे लागतात. आपल्याकडे आधार क्रमांक लिहिलेले कागद पानटपरीवर पुड्या बांधायला गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून सांगते : आधार मागूच नका. मतदार यादीतला अनुक्रमांक घ्या. रजिस्टरमध्ये रकाने असे आखा : यादीतला अनुक्रमांक, यादीत आहे तसंच नाव, सही किंवा अंगठा, अंगठा असेल तर साक्षीदार, तारीख, आणि शेवटी एक मोकळा रकाना, 'या महिन्यात गावात आहे का'. तो शेवटचा रकाना आमच्याकडे असता तर हा लेख वेगळा झाला असता.

पाचांत एक सही बाद होईल असं धरून चाला. आणि ऑनलाइन याचिकेच्या खाजगी संकेतस्थळावर लाख क्लिक झाले तरी कायद्याच्या भाषेत ते शून्य, प्रसिद्धीला ठीक.

सातवी पायरी : उत्तर आल्यावर

सह्या त्या त्या देशाची यंत्रणा ३ महिन्यांत तपासते. मग मागणी आयोगाकडे जाते. महिन्याभरात आयोग आयोजकांना भेटतो, ३ महिन्यांत युरोपीय संसदेत जाहीर सुनावणी होते, ६ महिन्यांत उत्तर येतं. २०१२ पासून शंभरावर मागण्या नोंदल्या गेल्या; १० लाखांपर्यंत पोचलेल्या थोड्या, आणि त्यातून सरळ कायदा झाला अशा तर फारच थोड्या.

पाण्याच्या मागणीचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. सह्या डिसेंबर २०१३ मध्ये दाखल झाल्या. मार्च २०१४ च्या उत्तरात आयोगाने गोड बोलून ठोस काही दिलं नाही. २०१५ मध्ये संसदेने ठराव करून त्याबद्दल नाराजी नोंदवली. आयोजक घरी गेले नाहीत. पिण्याच्या पाण्याचा जुना निर्देश, म्हणजे सगळ्या सदस्य देशांना बांधील असलेला युरोपीय कायदा, बदलायची वेळ आली तेव्हा हीच मागणी पुन्हा टेबलावर आली आणि २०२० च्या नव्या निर्देशात, वंचित गटांपर्यंत पाणी पोचवायची जबाबदारी देशांवर आली. मधे सात वर्षं. त्याच काळात, २०१६ च्या एप्रिलात, आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, हे सहज आठवलं.

कोंबड्यांच्या पिंजऱ्यांचं उलट. जवळपास १४ लाख सह्या, २०२१ मध्ये आयोगाने होकार दिला, २०२३ अखेरपर्यंत प्रस्ताव आणू म्हणाला. २०२३ सरलं, प्रस्ताव आला नाही. ग्लायफोसेट या तणनाशकावर बंदी मागणाऱ्यांना बंदी मिळाली नाही, पण अशा रसायनांच्या सुरक्षिततेचे अभ्यास लोकांना बघता यावेत असा कायदा २०१९ मध्ये झाला. म्हणून मागणीत मुख्य गोष्टीशेजारी एक धाकटी गोष्ट ठेवा, जी नकार देतानाही द्यावीशी वाटेल.

आपल्याकडची दारं

आपल्या राज्यघटनेत नागरिकाने थेट विधेयक मांडायची सोय नाही. तरी काही दारं आहेत, आणि ती ढकलल्याशिवाय बंद आहेत म्हणू नये.

लोकसभेत आणि आपल्या विधिमंडळात विनंती अर्ज समिती असते. लोकसभेत अर्ज खासदारामार्फत सादर करता येतो. प्रलंबित विधेयकावर किंवा सार्वजनिक हिताच्या विषयावर चालतो, कोर्टात असलेल्या विषयावर नाही. हे दार वापरलेलं फार कमी लोकांनी पाहिलं आहे. दुसरं, अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेलं. स्वातंत्र्यानंतर संसदेने अशी फक्त १४ मंजूर केली, शेवटचं १९७० मध्ये. मग कशाला? कारण मजकूर छापला जातो, नोंद होते. तृतीयपंथीयांच्या हक्कांचं असंच विधेयक २४ एप्रिल २०१५ ला राज्यसभेत मंजूर झालं आणि पुढे सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं. तिसरं, केंद्राचं २०१४ चं धोरण : कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा. तो नेहमी पाळला जातो असं नाही, पण मसुदा आला की त्या ३० दिवसांत कलमनिहाय हरकत पाठवा. 'तीव्र निषेध' नको. कलम ७ मध्ये अमुक शब्दाऐवजी तमुक शब्द, असं लिहा.

लोकांनी लिहिलेला मसुदा कायद्यापर्यंत गेल्याचं उत्तम उदाहरण माहिती अधिकाराचं. राजस्थानातल्या मजुरांनी १९९४ मध्ये जनसुनावणीत हजेरीपटांचे हिशेब जाहीर वाचले. १९९६ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रेस कौन्सिलने मसुदा केला. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. तो हजेरीपट म्हणजे रोजगाराच्या कामावरचा मस्टर, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा.

आणि पहिलं दार ग्रामसभेचं. गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यातलं जे कमी असेल ते. ठरावाचा मजकूर घरून टाइप करून न्या, शंभर अक्षरांच्या शीर्षकासह. तिथे बसून ग्रामसेवकाला सांगायला गेलात तर 'योग्य ती कार्यवाही' परत येईल. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या. पुढे कागद पाठवल्यावर दोन महिने थांबून माहिती अधिकारात विचारा की त्याचं काय झालं. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. एका गावचा ठराव म्हणजे कागद. चार जिल्ह्यांतल्या चाळीस गावांचा एकाच शब्दांतला ठराव असला तर खासदाराला तो अर्ज हातात धरणं सोपं जातं.

ऊसतोडीच्या मागणीसाठी २ ऑक्टोबरची ग्रामसभा गाठा. त्यानंतर गाड्या भरायला लागतात, आणि पुढची सगळं गाव हजर असलेली सभा थेट १ मे ला.